मानेतली गाठ आणि सुईची धास्ती

घसा धरला, दाढ किडली, डोक्यात फोड झाला, की मुलांच्या मानेत अवधाण येतं. मूळ दुखणं गेलं की दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप बसतं. पण जी गाठ महिना झाला तरी बसत नाही, वाढतेच आहे, जिच्या जोडीला संध्याकाळची कसर आहे, वजन उतरतंय, तिच्यावर लेप लावीत बसू नये. आपल्या आज्या जिला गंडमाळ म्हणत, ती बहुधा क्षयाचीच असे. आजही आपल्याकडे न बसणाऱ्या गाठींत क्षय वारंवार सापडतो.

डॉक्टर अशा वेळी सुईची तपासणी सांगतात, आणि इथेच बायका कचरतात. आमच्या विश्रांतवाडीतल्या एका ओळखीच्या काकूंनी लग्नाला आलेल्या लेकीची गाठ ओढणीखाली झाकून चार महिने काढले. "सुई लावली की गाठ चिघळते म्हणे, आणि कॅन्सर असला तर पसरतो!" शिवाय स्थळं बघणं चालू, कुणाला कळलं तर?

खरं पाहता सुई इंजेक्शनचीच, पातळ. डॉक्टर गाठ दोन बोटांत धरतात, सुई आत किंचित मागेपुढे करतात आणि आलेला थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. भूल नाही, टाका नाही, पाच-दहा मिनिटांत काम आटोपतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी सांगावं. एवढ्या बारीक सुईनं कॅन्सर पसरणं अगदीच विरळा. उलट क्षयाची गाठ तशीच ठेवली, तर तीच फुटून वाहू लागते!

थोडा नमुना जीन एक्सपर्ट तपासणीला पाठवतात का, हे जरूर विचारा. औषधाला न जुमानणारा क्षय त्यात लवकर कळतो. 'नमुना अपुरा' असा रिपोर्ट आला म्हणजे काही नाही, असं समजू नका, सुई पुन्हा लावावी लागते. काही वेळा, विशेषतः रसग्रंथींच्या कॅन्सरचा संशय असला तर, अख्खी गाठ काढूनच तपासतात.

काकूंच्या लेकीला क्षयच निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी महिना १००० रुपयेही (पूर्वी ५०० होते). फुप्फुसं स्वच्छ असतील तर गाठीचा क्षय दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा ताट-पेला वेगळा करायचं कारण नाही. औषध चालू असताना गाठ मध्येच सुजते कधी कधी. तेव्हा डॉक्टरांना दाखवावं, गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नयेत.