कामगार तेच, कारखाना वेगळा

कर्मचारी प्रशिक्षणाचा विषय निघाला की बहुतेक आस्थापनांत विचार व्याख्यान, चहापान आणि प्रमाणपत्र यांपुढे सरकत नाही. उपस्थितीची नोंद होते, खर्च मंजूर होतो आणि सोमवारी कर्मचारी जुन्याच पद्धतीने काम करू लागतो. दोष त्याच्या आकलनाचा की त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेचा, हे पाहायचे तर अमेरिकेतील एका मोटार कारखान्याचा इतिहास उद्बोधक आहे.

कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथील जनरल मोटर्सचा हा कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. कंपनीच्या सर्वांत वाईट कारखान्यांत त्याची गणना होई. पाचांतला एक कामगार गैरहजर असणे ही तेथे नवलाची गोष्ट नव्हती. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सशी भागीदारी करून तोच कारखाना पुन्हा सुरू केला. कारभार टोयोटाच्या हाती होता. कामगार मात्र बहुतांशी जुनेच, सुमारे ८५ टक्के. संघटनाही तीच. तरीही अल्पावधीत गैरहजेरी दोन टक्क्यांच्या आसपास आली आणि गाड्यांचा दर्जा जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांहून सरस ठरला.

मग बदलले काय? गटप्रमुखांना जपानमधील ताकाओका कारखान्यात काही आठवड्यांसाठी पाठवण्यात आले. परतल्यावर जे काम करायचे, तेच काम तेथे जपानी सहकाऱ्यांच्या शेजारी उभे राहून त्यांनी केले. फ्रेमाँटमध्ये प्रत्येक कामगाराच्या हाताशी एक दोरी होती. अडचण आली की ती ओढायची. गटप्रमुख धावून येई आणि साधारण मिनिटभरात अडचण सुटली नाही, तर सारी जुळणी थांबे. पूर्वी याच कारखान्यात जुळणी थांबवणे हा जवळजवळ गुन्हा होता. सदोष गाडी पुढे ढकलावी, दुरुस्ती मागाहून व्हावी, अशी रीत होती. आता दोष ओळखण्याचे शिक्षण आणि काम थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाला मिळाला. प्रशिक्षण फळले ते यामुळे.

१९८८ च्या सुमारास मागणी घटली, तेव्हाही कामगार कपात झाली नाही. रिकामा वेळ प्रशिक्षणात आणि कामाच्या सुधारणांत घालवला गेला. आपल्याच सूचनेमुळे आपली नोकरी जाईल, अशी धास्ती असलेला कामगार सूचना करील कशाला?

जनरल मोटर्सने हीच पद्धत लॉस एंजेलिसमधील व्हॅन नाइस येथील आपल्या कारखान्यात आणू पाहिली. गटपद्धती आली, प्रशिक्षणेही झाली. पण व्यवस्थापन आणि कामगार यांच्यातील अविश्वास तसाच राहिला. १९९२ मध्ये त्या कारखान्याला टाळे लागले.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली आणि सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाईन अभ्यासक्रम खुले झाले. किती जणांनी किती अभ्यासक्रम पूर्ण केले, हे मोजणे सोपे असते. फ्रेमाँटचा अनुभव वेगळाच हिशेब मागतो. एखाद्या दाखल्यासाठी आलेल्या अर्जातील साधी चूक खिडकीवरचा कारकून आता स्वतःच्या अधिकारात दुरुस्त करू शकतो, की ती फाईल पूर्वीप्रमाणेच तीन टेबले फिरून येते?