वरठीचा गज, दिल्लीचा हिशेब

नागपूरहून गोंदियाकडे निघालेली गाडी तासाभरात भंडारा रोड स्थानकावर थांबते. स्थानकाला नाव भंडाऱ्याचे असले तरी गाव वरठी, तालुका मोहाडी. इथेच सनफ्लॅग आयर्न अँड स्टीलचा कारखाना आहे. इथले सरळ लांबीचे गज घराच्या स्लॅबमध्ये जाणाऱ्या सळईसारखे नसतात. क्रोमियम, मँगनीज अशी मूलद्रव्ये मोजूनमापून घातलेले हे मिश्रपोलाद असते. त्याचे पुढे गिअर होतात, क्रँकशाफ्ट होतात. ट्रक घाट चढतो तेव्हा सगळा ताण अशाच पोलादाच्या अंगावर येतो.

याच जातीच्या गजांसाठी दिल्लीत एक प्रकरण चालले. चीनमधून हा माल पडेल भावाने येतो, अशी तक्रार घेऊन सनफ्लॅग, जेएसडब्ल्यू स्टील, उषा मार्टिन, जायसवाल निको असे उत्पादक एकत्र आले. ऑक्टोबर २०१८मध्ये केंद्र सरकारने चिनी गजांवर टनामागे ४४.८९ ते १८५.५१ डॉलर इतके डंपिंगविरोधी शुल्क पाच वर्षांसाठी लावले.

अशा तक्रारींचा तपास करणारे कार्यालय म्हणजे व्यापार उपाय महानिदेशालय, अर्थात डीजीटीआर. ते वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. १९९८पासून डंपिंगचा तपास एक महानिदेशालय करी आणि आयातीच्या लोंढ्याविरुद्धच्या संरक्षक शुल्काचे काम महसूल विभागाकडे होते. मे २०१८मध्ये दोन्ही कामे एका छताखाली आली.

स्वस्त विकणे हा कायद्याने दोष नाही. परदेशी उत्पादक स्वतःच्या देशात ज्या भावाने विकतो त्याहून कमी भावाने इथे विकत असेल, त्यामुळे इथल्या उद्योगाचे नुकसान झाले असेल आणि त्या नुकसानीचे कारण तोच माल असेल, या तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. या दोन भावांतला फरक दोन टक्क्यांहून कमी निघाला तर प्रकरण तिथेच संपते.

हिशेब कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. आकडे नुसते उदाहरणाचे. समजा, गजाचा मूळ देशातला भाव टनाला ६०० डॉलर आणि भारताला विकण्याचा कारखाना-भाव ४८०. डंपिंगचा फरक झाला १२०. आता दुसरे माप. भाडे, विमा, सीमाशुल्क धरून तोच गज इथे ५२० डॉलरला पडतो आणि इथल्या उद्योगाला नुकसान न होणारा भाव ५९० निघतो. म्हणजे हानीचा फरक ७०. भारतात दोहोंपैकी लहान आकडा घेतात, म्हणून शुल्क ७०च.

हा ५९०चा आकडा काढताना अधिकारी कारखान्याची वहीच उघडून बसतात. कच्चा माल किती लागला, वीज किती जळली, यंत्रे किती चालली, हे सारे तपासतात आणि गेल्या काही वर्षांतला सर्वांत चांगला वापर हिशेबात धरतात. गुंतलेल्या भांडवलावर २२ टक्के परतावा धरला जातो. त्यामुळे कारखान्याचा स्वतःचा ढिसाळपणा गिऱ्हाइकाच्या माथी मारता येत नाही. मला या पद्धतीतली ही सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते.

गज विकत घेणाऱ्यांनाही सुनावणीत बोलता येते. शुल्क लागले की सुटे भाग बनवणाऱ्याचा कच्चा माल महागतो, आणि त्याच्याकडेही कामगार असतातच. तपासाला साधारण वर्ष लागते, फार तर दीड.

एवढे करूनही महानिदेशालय फक्त शिफारस करते. शुल्क लावायचे की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवते. गजांवरचे शुल्क २०२१च्या अर्थसंकल्पात तात्पुरते थांबवले गेले आणि २०२२च्या अर्थसंकल्पात, धातूंचे भाव चढे असल्याचे कारण देऊन, रद्दच झाले. पाच वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३पर्यंत होती. भाव तेव्हा खरोखरच भडकले होते, हे मान्य. पण भाव चढतात तसे उतरतातही. शुल्क लावताना जितके काटेकोर मोजमाप होते तितकेच ते काढतानाही व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. २१ एप्रिल २०२५ला पोलादावर पुन्हा १२ टक्के हंगामी संरक्षक शुल्क आले, पण ते पत्र्यासारख्या सपाट मालावर. वरठीचा गज त्यात बसत नाही.

वरठीच्याच तालुक्यात मोहाडी आणि आंधळगाव ही कोसा रेशीम विणणाऱ्यांची जुनी गावे आहेत. परदेशी कापडाचा मार त्यांनाही बसू शकतो. पण अर्ज करायचा तर देशातल्या त्या मालाच्या उत्पादनापैकी किमान २५ टक्के उत्पादन अर्जदारांचे असावे लागते, शिवाय वर्षावर्षाचा खर्च, विक्री, साठा, नफा यांचे तक्ते भरावे लागतात. सनफ्लॅगकडे त्यासाठी हिशेबनीस आहेत. मागावर बसणाऱ्या कोष्ट्याकडे फार तर उधारीची वही असते. लहान उद्योगांसाठी डीजीटीआरने मदतकक्ष ठेवला आहे, पण तो दिल्लीत. भंडाऱ्याच्या जिल्हा उद्योग केंद्राने विणकर संस्थांना बरोबर घेऊन उत्पादनाच्या आणि भावाच्या नोंदी आजपासूनच ठेवायला लावाव्यात. तपासात मागची तीन वर्षेही पाहिली जातात, आणि त्या वर्षांचे कागद ऐन वेळी तयार करता येत नाहीत.