आवाज सारखाच, मग बदलायचं काय?

कोणत्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा आवाज चांगला, या वादाचा निकाल स्टुडिओत बसल्या बसल्या लावता येतो. एकाच गाण्याचे मूळ ट्रॅक दोन सॉफ्टवेअरांत घ्यायचे, सगळे फेडर शून्यावर ठेवायचे, प्लगइन एकही लावायचं नाही. मधोमध ठेवलेल्या ट्रॅकची पातळी किती उतरवायची याचा नियम प्रत्येकाचा वेगळा असतो. तो पॅन लॉ सारखा करून घ्यायचा. मग दोन्हींतून मिक्स बाहेर काढून ते एकाखाली एक लावायचे आणि एकाची फेज उलटी करायची. क्यूबेस, लॉजिक आणि रीपर यांच्या जोड्या मी अशा लावून पाहिल्या. स्पीकर गप्प राहिले. दोन्ही मिक्स एकमेकांना पुरते खोडत होते. बेरीज सगळ्यांची सारखीच येते. ‘उबदार आवाजा’साठी सॉफ्टवेअर बदलू पाहणाऱ्याने ते पैसे आधी माइकवर आणि खोलीवर घालावेत.

मग फरक असतो तो कशात? पुण्यातल्या माझ्या छोट्या स्टुडिओत अभंग, भावगीतं, नाटकांचं पार्श्वसंगीत आणि अधूनमधून ऑडिओबुक होतात. काम चालतं क्यूबेस ९ वर. ही आवृत्ती २०१६ची. अपग्रेड करावं, की मित्र म्हणतात तसं लॉजिककडे किंवा रीपरकडे जावं, हे ठरवायचं होतं. सुविधांच्या याद्या वाचून सगळीच सॉफ्टवेअरं सर्वगुणसंपन्न वाटतात. म्हणून याद्या बाजूला ठेवल्या आणि जिथे माझा हात रोज अडखळतो तीच कामं नव्या क्यूबेसला, लॉजिकला आणि रीपरला दिली. चाचणीची मुदत पुरेशी मिळते: लॉजिक ९० दिवस, रीपर ६० दिवस.

पहिलं काम लयीचं. अभंगात सुरुवातीचा आलाप मोकळा, मग भजनी ठेका, आणि शेवटच्या गजराकडे चढत जाणारी लय. कानात क्लिक दिली की गजरातला जोर जातो, म्हणून आम्ही क्लिकशिवाय रेकॉर्ड करतो. अडचण नंतर येते. व्हायोलिनचा भरणा करायचा किंवा कीबोर्ड घालायचा, तर सम कुठे पडते हे सॉफ्टवेअरला कळायला हवं. लॉजिकमध्ये २०१८ साली आलेलं स्मार्ट टेम्पो स्वतःच ऐकून लयीचा नकाशा काढतं. टाळ-पखवाज सुरू झाल्यावर ते चांगलं चालतं, मात्र मध्येच बरोबर दुगुनीची लय धरतं. आणि आलापात, जिथे मात्रा नाहीतच, तिथेही मात्रा शोधून काढतं. क्यूबेसमध्येही आपोआप लय ओळखण्याची सोय आहे, पण मला भावतो तो टाइम वॉर्प: पट्टीवरची रेघ धरायची आणि पखवाजाच्या समेवर आणून सोडायची. रीपरमध्ये प्रत्येक समेवर खूण ठोकत जावं लागतं. काम चोख होतं, वेळ जास्त जातो.

दुसरं काम मींडेचं. यमनात पंचमावरून गंधारावर येताना गायिका गंधारात किंचित उतरली. बाकी टेक सोन्यासारखा. सूर दुरुस्त करणारी सॉफ्टवेअरं गाण्याचे स्वरांनुसार ठोकळे पाडतात. मींडेचेही तसेच दोन-तीन तुकडे होतात, आणि शेवटचा तुकडा वर उचलला की जोडावर पायरी ऐकू येते. उपाय म्हणजे तुकडे हातानं जोडून फक्त शेवटाचा उतार बदलायचा. क्यूबेस १० पासूनच्या व्हॅरीऑडिओत ठोकळ्याच्या कडांवर त्यासाठी मुठी आहेत. माझ्या आवृत्तीत नाहीत. लॉजिकचं फ्लेक्स पिचही हे करतं. रीपरसोबत येणारं रीट्यून इथे तोकडं पडतं. त्यासाठी मेलोडाइन वेगळं विकत घेऊन जोडावं लागतं.

किमतीत मात्र रीपरला तोड नाही. व्यवसायातून वर्षाला २० हजार डॉलरपेक्षा कमी मिळवणाऱ्याला परवाना ६० डॉलरला, आणि सातवी आवृत्ती घेतली तर आठवीसुद्धा त्यातच. लॉजिक प्रो एक्स २०१३ साली घेतलेल्यांना २०२४ची ११वी आवृत्तीदेखील फुकट मिळाली, पण त्यासाठी मॅक हवा. क्यूबेसला दर मोठ्या अपग्रेडचे पैसे मोजायचे. २०२२च्या बाराव्या आवृत्तीपासून डोंगल लावायचा गेला, हा दिलासा.

खरा खर्च बिलावर दिसत नाही. क्यूबेसमध्ये कापायची कात्री ३ वर, रीपरमध्ये एस, लॉजिकमध्ये कमांड आणि टी. शॉर्टकट बदलून घेता येतात, हातही कधीतरी वळतो. जुन्या प्रोजेक्टांचं तसं नाही. चार वर्षांनी निर्मात्याचा फोन येतो: “तेच गाणं, गायिका दुसरी, एक पट्टी खाली हवं.” तेव्हा नुसत्या वेव्ह फाइली पुरत नाहीत; मिडी लागतं, सॅम्पलचं वाद्य लागतं, प्लगइनची सेटिंग्ज लागतात. लॉजिक फक्त एयू जातीची प्लगइन घेतं. बहुतेक कंपन्या त्याच परवान्यावर एयूही देतात, पण क्यूबेसच्या प्रोजेक्टातली मांडणी त्यात उचलून नेता येत नाही. बिटविग आणि प्रीसोनस यांनी २०२३मध्ये डीएडब्ल्यूप्रोजेक्ट ही सामायिक फाइल आणली, क्यूबेस १४ने ती स्वीकारली, सगळ्यांनी नाही.

आणि सॉफ्टवेअर कुणाच्या मालकीचं होईल हे आपल्या हातात नसतं. २००२मध्ये अॅपलने इमॅजिक कंपनी घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद झालं. विंडोजवाल्यांना एक तर मॅक घ्यावा लागला, नाही तर सॉफ्टवेअर बदलावं लागलं.

माझा निर्णय असा झाला: संगीतासाठी क्यूबेसचंच अपग्रेड, कारण टाइम वॉर्पची सवय आहे, मींडेची अडचण सुटते आणि जुनी गाणी उघडतात. ऑडिओबुकसाठी रीपर घेतलं. प्रकरणागणिक खुणा केल्या की सगळी प्रकरणं नावांसकट एकदम बाहेर पडतात. हातातला अल्बम संपेपर्यंत मात्र यातलं काहीच बसवणार नाही. मॅक असलेल्या आणि मागे जुन्या कामाचा साठा नसलेल्या नव्या मुलाला मी लॉजिकच सुचवेन. लूप लावून बीट रचणाऱ्याने माझं काहीच ऐकू नये, त्याचा अडखळा वेगळा.

सॉफ्टवेअर कोणतंही असो, गाणं निर्मात्याच्या हाती दिलं की दोन गोष्टी त्याच दिवशी कराव्यात. प्रत्येक ट्रॅक पहिल्या मात्रेपासून अखंड वेव्हमध्ये काढून ठेवावा, आणि लयीच्या नकाशासकट मिडीची फाइल वेगळी जपावी. मिडीचं प्रमाण १९८३चं आहे, आणि ती फाइल आजही कुठेही उघडते.