बाळाचें क्रोशाचें पांघरूण

पाश्चात्य देशांत ‘आजीचा चौकोन’ म्हणून परिचित असलेला क्रोशाचा नमुना हिशेबास सोपा आहे. साखळ्यांच्या कड्यांत तीन-तीन खांबांचे चार गट घालावेत; दर दोन गटांमध्यें कोपऱ्यासाठीं दोन साखळ्या सोडाव्यात. पुढील प्रत्येक फेरींत दर कोपऱ्यांत दोन व बाजूच्या दर फटींत एक गट घातला, कीं खांब १२, २४, ३६ असे वाढतात. ही वाढ चुकल्यास चौकोनाची वाटी होते. चौकोन जोडून कडेस शिंपल्यांची झालर विणावी. कोपऱ्यांवर खांब वाढवावेत, नाहींतर कड आवळते. दोऱ्यांचीं टोकें पक्कीं ओवावींत. सुटल्या दोऱ्यांत इवलीं बोटें अडकतात. झोपेंत पांघरूण तोंडावर आल्यास श्वास कोंडतो. म्हणून बाळ वर्षाचें होईपर्यंत तें जागेपणीं, मांडीवर असतांनाच वापरावें.