सर्व्हर अपग्रेड केला आणि स्पॅम फिल्टर शिकायचा थांबला? असा शोधा बिघाड

शिष्यवृत्तीचा अर्ज स्पॅमच्या ढिगात पडून राहिला आणि मुदत टळली, तर नुकसान विद्यार्थ्याचं होतं. म्हणून ज्या शाळा, ट्रस्ट आणि संस्था स्वतःचा मेल सर्व्हर चालवतात, त्यांच्यासाठी आज आपण ही नेहमीची अडचण समजून घेऊ.

स्पॅमअसॅसिन हे मोफत सॉफ्टवेअर मेलमधले शब्द पाहून अंदाज बांधते. हा अंदाज त्याला शिकवावा लागतो. 'एसए-लर्न' ही कमांड चालवणारी स्क्रिप्ट त्याला स्पॅम आणि चांगले मेल दोन्ही दाखवते. किमान 200 स्पॅम आणि 200 चांगले मेल शिकल्याशिवाय हा भाग कामच करत नाही. अपग्रेडमध्ये जुना डेटा गेला, की मोजणी पुन्हा शून्यापासून!

पहिली तपासणी युजरची. शिकलेला डेटा साधारणपणे त्या-त्या युजरच्या होम फोल्डरमध्ये असतो. स्क्रिप्ट रूटखाली आणि फिल्टर दुसऱ्याच युजरखाली चालत असेल, तर शिकवणी एकाची, परीक्षा दुसऱ्याची. फिल्टरच्याच युजरने एसए-लर्नला 'डंप मॅजिक' पर्याय द्या. एनस्पॅम आणि एनहॅम हे आकडे किती शिकून झालं ते सांगतात.

दुसरी तपासणी क्रॉनची. हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये अडते, कारण तिथे कमांडचा पाथ अपुरा असतो. पूर्ण पाथ लिहा, फाइलच्या परवानग्याही बघा.

तिसरी तपासणी डव्हकॉटची. मेल स्पॅम फोल्डरमध्ये टाकताच स्क्रिप्ट चालावी, अशी सोय अनेकांनी त्यात केलेली असते. 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 सोबत डव्हकॉट 2.4 येतो आणि त्याला 2.3 ची जुनी सेटिंग चालत नाही. नवी सेटिंग लिहिताना मेल सुरू झाला की आपण निश्चिंत होतो, आणि शिकवणीचा भाग राहूनच जातो.

एक लक्षात ठेवा, '0 मेल शिकले' असं दिसलं म्हणजे बिघाडच आहे असं नाही. तेच मेल आधी शिकलेले असतील, तर स्पॅमअसॅसिन ते सोडून देतं. नवा मेल देऊन बघा.

पुढच्या अपग्रेडआधी एसए-लर्नच्या 'बॅकअप' पर्यायाने डेटा काढून ठेवा. नंतर 'रिस्टोअर'ने तो परत घालता येतो. आणि आकडे पुन्हा वाढताना दिसेपर्यंत रोज एकदा स्पॅम फोल्डर स्वतः उघडून बघा. कुणाचा तरी अर्ज तिथे वाट पाहत असेल.