झाडाखाली प्राणवायू जास्त मिळतो का?

दम्याच्या रुग्णांना मी सकाळी फिरायला सांगितले की, ‘डॉक्टर, झाडांखालून फिरू का? प्राणवायू जास्त मिळेल ना?’ असा प्रश्न हमखास येतो. ठाण्यात मासुंदा तलावाभोवती फिरणारे असोत की डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागातले, समज एकच. तो कितपत खरा, हे पानावर मोजून पाहता येते.

पानाच्या खालच्या बाजूस डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत जातो. प्राणवायू आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. जगदीशचंद्र बोस यांनी पाणवनस्पतीतून निघणाऱ्या प्राणवायूच्या बुडबुड्यांवरून हे मोजले होते. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ १९२४ साली निघाला. आता पान न तोडता, झाडावर असतानाच एका लहान डबीत चिमटीसारखे धरतात आणि डबीतून हवा सोडतात. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषून घेतो. त्यामुळे आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतून हे किरण पाठवले की पानाने किती वायू घेतला ते कळते. वाफेचे मापही याच रीतीने मिळते.

रस्त्याकडेच्या झाडाच्या, उन्हातल्या निरोगी पानांसाठी चौरस मीटरमागे सेकंदाला १० मायक्रोमोल हा आकडा हिशेबाला धरायला हरकत नाही. त्यावरून तासाला एक लिटरहूनही कमी प्राणवायू मिळतो. माणसाला दिवसाला साधारण ५५० लिटर लागतो. म्हणजे आठ तास चांगले ऊन मिळाले तरी एका माणसामागे सुमारे ८० चौरस मीटर पाने हवीत! सावलीतल्या पानांचा आकडा तर याहून पुष्कळच कमी. शिवाय रात्री झाड आपल्यासारखाच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. पारावरचा पिंपळही याला अपवाद मानू नये.

अर्थात घाबरण्याचे कारण नाही. हवेत जवळजवळ २१ टक्के प्राणवायू आहेच, तो ठाण्या-कल्याणात कमी पडत नाही. दम लागतो तो धूर आणि धुळीने श्वासनलिका आकुंचन पावल्यामुळे. तेव्हा इन्हेलर घरी ठेवून झाडाखाली दीर्घ श्वास घेत बसू नका.

मग रेनट्री, गुलमोहर, सोनमोहर लावायचे कशाला? माझ्या मते खरे उत्तर वाफेच्या आकड्यात आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. तेवढ्या उष्णतेवर घरातले साडेसात लिटर पाणी उकळीला येईल. आपल्या दमट हवेत या गारव्याचा अनुभव विदर्भाइतका येत नाही, हे खरे. पण त्यात सावलीची भर पडते. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसे दगावली, हे विसरून चालणार नाही. स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला झाडाचा उपयोग असा असतो.

मात्र बुंध्यापर्यंत सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक घातले की पाणी मुळांपर्यंत पोचत नाही. मुळांना पाणी कमी पडले की झाड पर्णरंध्रे मिटून घेते, आणि यंत्रावर दोन्ही आकडे घसरतात. पाने वरवर हिरवीच दिसतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले होते. आपल्या सोसायटीच्या आवारात तेवढे करायला कोणाच्या आदेशाची वाट कशाला पाहायची?

यंत्र महाग असते, पण ढोबळ परीक्षा घरच्या घरी होते. उन्हातल्या दोन सारख्या फांद्यांवर, एक मातीतल्या आणि एक सिमेंटात अडकलेल्या झाडाच्या, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. अर्ध्या तासाने आतल्या थेंबांत फरक दिसतो का पाहा. पिशव्या मात्र लगेच काढा, नाहीतर आतली पाने उकडून निघतील.