तीन अक्षरांतली जबाबदारी

नवे कपाट घेताना आपण दुकानदाराला आधी विचारतो, "घरपोच द्याल ना?" टेम्पोचे भाडे कोणाचे, हमाली कोणाची आणि वाटेत आरसा फुटला तर नुकसान कोणाचे, हे आधीच ठरलेले बरे. बेळगावच्या उद्यमबागेत ओतलेला लोखंडी भाग जर्मनीतल्या हॅम्बुर्गला निघतो, तेव्हाही प्रश्न हेच असतात. फक्त वाटेत समुद्र असतो.

या प्रश्नांची उत्तरे तीन-तीन अक्षरांत बसवलेली आहेत. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स या संस्थेने १९३६ मध्ये ही नियमावली प्रथम काढली. तिचे नाव 'इन्कोटर्म्स'. २०२० च्या आवृत्तीत असे ११ प्रकार आहेत.

'ईएक्सडब्ल्यू' म्हणजे विक्रेत्याने माल आपल्या कारखान्यात तयार ठेवायचा. पुढचे सारे खरेदीदाराने पाहायचे. 'डीडीपी' त्याच्या अगदी उलट. परदेशातले आयात शुल्कही भरून विक्रेत्याने माल ठरल्या ठिकाणी पोचवायचा. 'एफओबी'त माल जहाजावर चढेपर्यंत खर्च आणि जोखीम विक्रेत्याची, त्यानंतर खरेदीदाराची.

खरी गल्लत होते ती 'सीआयएफ'मध्ये. इथे पलीकडच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा विक्रेता भरतो. त्यामुळे जोखीमही तिथपर्यंत त्याचीच, असे वाटते. पण तसे नाही! माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढला, की जोखीम खरेदीदाराची. भर समुद्रात माल भिजला, तर विमा कंपनीकडे दावा त्यानेच करायचा. हा विमा मालाच्या किमतीच्या किमान ११० टक्के रकमेचा असावा लागतो. मात्र संरक्षण कमीत कमी असले तरी नियमात बसते. म्हणून परदेशातून यंत्र मागवणाऱ्याने 'विमा आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नये. विमा कशाकशाचा आहे, तेही विचारावे.

माल पाठवणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंटेनर न्हावा शेवा बंदराच्या आवारात आधी सोपवला जातो, जहाजावर नंतर चढतो. करारात 'एफओबी' असेल, तर मधल्या दिवसांतले नुकसान विक्रेत्याच्या अंगावर येते. कंटेनरसाठी 'एफसीए' बरे. त्यात ठरल्या जागी खरेदीदाराच्या वाहतूकदाराकडे माल सोपवला, की विक्रेत्याची जोखीम संपते.

मालकी केव्हा बदलणार आणि पैसे केव्हा मिळणार, हे मात्र ही अक्षरे सांगत नाहीत. ते करारात वेगळे लिहावे लागते. नुसती तीन अक्षरेही पुरेशी नाहीत. त्यांच्यापुढे नेमके ठिकाण आणि 'इन्कोटर्म्स २०२०' असे आवृत्तीचे वर्ष हवे.

आपण मराठीत 'जबाबदारी' म्हणतो, कन्नडमध्ये 'जवाब्दारी'. शब्द जवळजवळ एकच, म्हणून घरात घोटाळा होत नाही. सातासमुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाशी मात्र ती कुठे संपते, हे सही करण्याआधीच लिहून घेतलेले बरे.